पुठ्ठ्याचा अमीन दारातून हलवा
(आमच्या फिल्म सोसायटीच्या कार्यकारिणीस खुले पत्र)

कार्यकारिणीतल्या सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

गेली सव्वीस वर्षं मी सोसायटीची वर्गणी भरते आहे. एवढ्या काळात तक्रारीचं पत्र एकदाच लिहिलं, तेही पंख्यांबद्दल. हे दुसरं. तुम्हाला खाजगीत पाठवता आलं असतं, पण ज्याबद्दल लिहायचंय त्यात त्या दिवशी सभागृहात असलेले आपण सगळेच होतो, म्हणून सगळ्यांसमोरच ठेवते.

गेल्या शनिवारी ‘पडद्यावरचे हुकूमशहा’ या मालिकेतला पहिला खेळ झाला. केव्हिन मॅकडोनाल्डचा ‘द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड’, २००६ सालचा. निवड चांगली होती, प्रत स्वच्छ होती, हातात दिलेलं मराठी टिपणही नेटकं होतं. पण जिना चढून वर आलं की दारातच इदी अमीन उभा, सत्तरच्या दशकातला युगांडाचा हुकूमशहा. पुरुषभर उंचीचा, पुठ्ठ्याचा, छातीभर पदकं लावून दात दाखवत हसणारा. शेजारी पाटी: ‘सेल्फी पॉइंट’. लोक रांग लावून त्याच्याजवळ उभे राहत होते. कुणी सलाम ठोकत होतं, कुणी गळ्यात हात टाकत होतं. एका काकांनी त्याच्या तोंडापाशी वडापाव धरला आणि बायकोला म्हणाले, “काढ, काढ लवकर.” रात्री आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्रेचाळीस फोटो आले. त्यातल्या दोनांत मागे मीही दिसते. हातात चहा, आणि तोंडावर हसू.

जवळ जाऊन पाहिलं तर तो नट नव्हता. बहुतेकांना तो सिनेमात अमीन झालेला फॉरेस्ट व्हिटेकर वाटला असावा. तुम्ही इंटरनेटवरून उतरवून घेतला होता तो खरा अमीन.

दुसरी गोष्ट शेवटच्या दोन मिनिटांची. सिनेमा संपताना पडद्यावर त्या काळच्या चित्रफितीतला खराखुरा अमीन येतो आणि खाली अक्षरं उमटतात: या राजवटीत किती माणसं मारली गेली, तीन लाखांच्या घरातला आकडा, आणि पुढे अमीनचं काय झालं. नेमक्या त्याच वेळी कुणीतरी दिवे लावले, दारं उघडली, आणि भज्यांचा वास आत आला. अर्धी माणसं उठून उभी होती. अक्षरं फिकट झाली ती झालीच. मग चर्चा. चाळीस मिनिटांतली निदान तीस व्हिटेकरच्या अभिनयावर गेली. तो स्वाहिली शिकला, अकॉर्डियन वाजवायला शिकला, युगांडात जाऊन अमीनच्या नातेवाइकांना भेटला, २००७ मध्ये ऑस्कर मिळालं. सगळं खरं आहे. एकाही माणसाने विचारलं नाही की तीन लाखांतला एक तरी कोण होता. मीही नाही विचारलं, भज्यांच्या रांगेत होते.

हे लिहिताना मला सोवळं व्हायचं नाही. हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पहिला तासभर अमीनच्या प्रेमात होते. सिनेमाची करामत तीच आहे. स्कॉटलंडमधला नुकताच पास झालेला डॉक्टर निकोलस गॅरिगन पृथ्वीचा गोल फिरवतो आणि डोळे मिटून बोट ठेवतो. कॅनडा निघतो. छे, म्हणून पुन्हा फिरवतो आणि युगांडात पोचतो. तिथे नव्या राष्ट्राध्यक्षाची सभा. वर्दी जनरलची असली तरी मी तुमच्यासारखाच साधा माणूस आहे, असं अमीन गर्दीला सांगतो, आणि गर्दीसोबत नाचतो. पुढे रस्त्यात त्याची मोटार गायीला धडकते. गॅरिगन त्याच्या हातावर उपचार करतो, कळवळून ओरडणाऱ्या गायीला त्याच्याच पिस्तुलाने शांत करतो. अमीन खूश. पोरगा स्कॉटिश आहे कळल्यावर आणखी खूश. आपला लष्करी शर्ट काढून देतो आणि त्याचा ‘स्कॉटलंड’ लिहिलेला टीशर्ट पोरासाठी मागून घेतो. इतका मोठा माणूस, इतका मोकळा! आपल्याकडे नेता टपरीवर चहा प्यायला की कौतुक होतंच की. मी तशीच विरघळले होते.

हुकूमशहावरच्या सिनेमाने असं विरघळवलंच पाहिजे, या मताची मी आहे. १९८१ मध्ये शरद पटेल यांनी अमीनवर एक सिनेमा काढला होता, जोसेफ ओलिटा त्यात अमीन झाला होता. त्यातला अमीन हा नुसता नरभक्षक राक्षस. असा राक्षस पाहून प्रेक्षक सुखाने घरी जातो, कारण राक्षसाला आपण कधी टाळ्या वाजवल्या नसत्या याची त्याला खात्री असते. मॅकडोनाल्डचा सिनेमा ती खात्री काढून घेतो. तेवढ्यासाठी त्याला माझे पैकीच्या पैकी गुण.

माझं भांडण पुढचं आहे. मोहिनी दाखवली, ठीक. पण ती नेमकी कशाची होती, आणि तिचं बिल कुणाच्या नावावर फाडलं गेलं? सिनेमा इथे हात आखडता घेतो आणि आपल्या टिपणाने, चर्चेने, पुठ्ठ्याने तो आणखी आखडला.

२५ जानेवारी १९७१ ला अमीनने सत्ता घेतली तेव्हा राष्ट्राध्यक्ष मिल्टन ओबोटे राष्ट्रकुलाच्या परिषदेसाठी सिंगापूरला होते. राजधानी कंपालाच्या रस्त्यांवर लोक नाचले, आणि त्यांना वेड लागलं नव्हतं. ओबोटेंची राजवट दडपशाहीची होती. ब्रिटनलाही अमीन आवडला, आपल्याच किंग्ज आफ्रिकन रायफल्स या पलटणीत वाढलेला, मुष्टियुद्धात देशाचा विजेता, जुना ओळखीचा माणूस. आल्या आल्या त्याने राजकीय कैदी सोडले. युगांडातल्या बुगांडा या जुन्या राज्याचे काबाका, म्हणजे राजे, मुतेसा दुसरे लंडनला परागंदा असताना १९६९ मध्ये वारले होते. त्यांचा देह त्याने मायदेशी आणवून इतमामाने दफन केला. तिथल्या बागांडा लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता सांगा, त्या गर्दीत आपण असतो तर घरी बसलो असतो?

सोडलेल्या कैद्यांत बेनेडिक्टो किवानुका होते. हे नाव आपल्या टिपणात नाही, सिनेमातही मला आठवत नाही. १९६१-६२ मध्ये युगांडाचे पहिले पंतप्रधान. ओबोटेंनी त्यांना तुरुंगात टाकलं, अमीनने बाहेर काढलं, आणि त्याच वर्षी देशाचे सरन्यायाधीश केलं. यापेक्षा चांगली सुरुवात कुठली असणार? वर्ष-सव्वा वर्षाने लष्कराने अडकवून ठेवलेल्या एका ब्रिटिश माणसाला सोडण्याचा हुकूम किवानुकांनी दिला. २१ सप्टेंबर १९७२ ला काही माणसं उच्च न्यायालयाच्या इमारतीत शिरली, सरन्यायाधीशांना त्यांच्या दालनातून ओढून बाहेर काढलं आणि मोटारीत कोंबून नेलं. दिवसाढवळ्या. ते पुन्हा दिसले नाहीत. ज्याने मला तुरुंगातून सोडवलं, ज्याने या खुर्चीवर बसवलं, त्याच्या विरोधात जाणारा हुकूम लिहिताना त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, यावर एक अख्खा सिनेमा होईल. अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. आपल्याला सापडतो तो गॅरिगन.

आणि ते वर्षच तसं होतं. ४ ऑगस्ट १९७२ ला तोरोरोच्या लष्करी छावणीत अमीनने जाहीर केलं की आशियाई, म्हणजे बहुतेक आपल्याकडून गेलेल्या, लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. देवाने स्वप्नात येऊन सांगितलं, असंही तो म्हणाला. आधी म्हणे फक्त ब्रिटिश पासपोर्टवाले, मग इतरही, मग युगांडाचं नागरिकत्व घेतलेल्यांचेही कागद तपासायला सुरुवात झाली आणि कित्येकजण रांगेतून बाहेर पडले ते कुठल्याच देशाचे न राहता. पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. सोबत नेता येणारी रक्कम कुटुंबामागे पन्नास-पंचावन्न पौंड. एन्टेबी विमानतळाच्या वाटेवर सैनिकांची नाकी, आणि प्रत्येक नाक्यावर अंगावरचं काही ना काही उतरत जायचं. सत्तावीस-अठ्ठावीस हजार ब्रिटनला गेले. तिथे लेस्टर शहराच्या नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सांगितलं होतं की आमच्याकडे येऊ नका. सहाएक हजार कॅनडाने घेतले. गॅरिगनने ‘छे’ म्हणून गोल पुन्हा फिरवला, तोच हा कॅनडा.

सिनेमात ही हकालपट्टी पार्श्वभूमीला येऊन जाते. जवळजवळ सगळं वजन एका प्रसंगात आहे. देशाची अर्थव्यवस्था कोसळायला लागल्यावर अमीन गॅरिगनवर डाफरतो की या लोकांना हाकलू नको असं तू मला सांगायला हवं होतंस. गॅरिगन म्हणतो, सांगितलं होतं. अमीन म्हणतो, सांगितलंस, पण मला पटवून नाही दिलंस! सभागृह हसलं तिथे. हसण्यासारखं आहेच. पण सल्लागारांनो, अधिकाऱ्यांनो, ‘मी तर तेव्हाच बोललो होतो’ म्हणणाऱ्यांनो, असं ज्यांना ज्यांना ऐकवावं ते सगळं त्या एका वाक्यात आहे. पीटर मॉर्गन आणि जेरेमी ब्रॉक यांच्या पटकथेतली ही माझी सर्वात आवडती जागा.

मात्र हकालपट्टीत मोहिनीचं जे यंत्र उघडं पडतं ते सिनेमाने उघडून दाखवलं नाही. ती घोषणा युगांडात अफाट लोकप्रिय झाली, आणि लोकांची तक्रार हवेतली नव्हती. इंग्रजांनी उतरंड लावून ठेवली होती: वर गोरे, मध्ये आपले लोक, खाली आफ्रिकन. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ म्हणतात. शब्द आपलाच, आणि गल्ल्यामागे बसलेला माणूसही आपलाच. कापूस त्याच्या जिनिंगमध्ये, साखर त्याच्या कारखान्यात, आणि घरातल्या आफ्रिकन नोकराचा कप वेगळा. ती जखम अमीनने तयार केली नाही. ती होतीच, त्याने तिच्यावर बोट ठेवलं. मग त्याने याला ‘आर्थिक युद्ध’ म्हटलं आणि साडेपाच हजारांवर दुकानं, कारखाने, मळे वाटून टाकले. मिळाले कुणाला? लष्करी अधिकारी, त्यांचे मेहुणे, मर्जीतले लोक. शर्टाच्या कॉलरवरचं माप हीच किंमत समजून ते विकत, असा किस्सा तिकडे अजून सांगतात. या नव्या शेठांना लोकांनी नाव ठेवलं ‘मफुता मिंगी’, म्हणजे भरपूर चरबी. थोड्याच दिवसांत काकिरा आणि लुगाझीच्या साखर कारखान्यांचं उत्पादन बसलं. उसाच्या देशात साखर काळ्या बाजारात, त्या बाजाराला शब्द ‘मागेंडो’.

अमीनचं हसू, त्याचे विनोद, अकॉर्डियन हे सगळं होतंच. पण त्या हसण्याबरोबर किल्ल्या वाटल्या जात होत्या. ज्याला शेजाऱ्याच्या दुकानाची किल्ली मिळाली त्याला नेता विनोदी वाटणारच. ज्याला मिळाली नाही त्याला पुढच्या वाटपात मिळेल अशी आशा. हे गॅरिगनच्या डोळ्यांतून दिसत नाही, कारण गॅरिगनला किल्ली नको होती. त्याला मर्सिडीज आणि पार्ट्या आयत्या मिळाल्या होत्या.

आमच्या मडगावच्या घरामागे एक कुटुंब राहायचं. अंकल एन्टेबीला सरकारी खात्यात कारकून होते. गोव्याची शेकडो माणसं तिथे खात्याखात्यांत कारकुनी करत, एन्टेबीत गोवेकरांचा क्लब १९०५ पासून होता. अंकल १९७२ च्या शेवटी परतले. कंपालाहून आगगाडीने मोम्बासा, तिथून जहाजाने मुंबई, मुंबईहून बोटीने पणजी. मी दहा वर्षांची होते. ट्रंक एक, आणि टाइपरायटर नाक्यावर गेला, एवढंच आम्हा मुलांना कळलं होतं. पुढे मी कॉलेजात असताना संध्याकाळी त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून गप्पा व्हायच्या. एकदा मी मोठ्या आवेशाने अमीनला शिव्या घातल्या. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “बाय, एकाहत्तर साली आम्ही पण नाचलो गो.” ओबोटे धंदे सरकारजमा करायला निघाला होता, हा नवा माणूस व्यवहारी वाटला. एकदा अमीन त्यांच्या खात्यात आला आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी हस्तांदोलन केलं त्याने. अंकलना त्याचा हात आठवत होता. “एवढा थोरला हात,” ते म्हणाले, “पण मऊ. आठवडाभर मी घरात तेच सांगत होतो, मऊ हात आहे म्हणून.”

त्यानंतर नोकराच्या वेगळ्या कपाची गोष्टही त्यांनीच सांगितली. कुणी विचारलं नव्हतं.

आता के अमीनबद्दल लिहायला हवं, कारण त्याबाबत सिनेमाने जे केलंय ते मला माफ करता येत नाही. के ही अमीनची बायको, सिनेमात केरी वॉशिंग्टन. सिनेमात तिचं गॅरिगनशी प्रेम जमतं, दिवस जातात, अमीनला कळतं, तो तिला मारवतो आणि गॅरिगनला तिचा छिन्नविच्छिन्न देह पाहावा लागतो. त्या दृश्यात सभागृहात कुणीतरी “बाप रे” म्हणालं. खरी के १९७४ च्या ऑगस्टमध्ये गेली. अमीनने काही महिन्यांपूर्वीच तिला सोडलं होतं. तिचा देह मोटारीच्या डिकीत, तुकड्यांत सापडला. तिचा प्रियकर डॉक्टर होता हे खरं, पण तो गोरा नव्हता, युगांडाचाच, म्बालू मुकासा नावाचा. त्यानेही लगोलग जीव दिला. गर्भपाताच्या प्रयत्नात ती दगावली असावी, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री हेन्री क्येंबा यांनी देशाबाहेर पळाल्यावर लिहिलं आहे. म्हणजे गोष्ट आहे दोन घाबरलेल्या माणसांची, ज्यांच्या मानेवर राजवाड्याची सावली होती आणि ज्यांना जायला दुसरीकडे जागा नव्हती. त्यातला युगांडाचा डॉक्टर पुसून टाकून त्याच्या जागी स्कॉटलंडहून आणलेला काल्पनिक डॉक्टर बसवला.

बदल्यात सिनेमा आपल्याला डॉक्टर जुंजू देतो. तो गॅरिगनला विमानतळावरून निसटवतो आणि स्वतः मरतो. कशासाठी, तर जगाला जाऊन सत्य सांग, तुझ्यावर विश्वास ठेवतील, तू गोरा आहेस. वाक्य कडू आहे आणि लिहिणाऱ्यांना त्यातला कडूपणा कळतो, हे मान्य. पण अख्खा सिनेमा त्याच वाक्यावर उभा आहे ना! गोऱ्या माणसाने पाहिलं म्हणून आपण पाहिलं. क्येंबांनी १९७७ मध्ये सगळं लिहून ठेवलं होतं, ते काय गोरे होते?

चर्चेत कुणीतरी म्हणालं की गॅरिगन म्हणजे खऱ्या बॉब ॲस्टल्सचं रूप. अंशतः. ॲस्टल्स हा ब्रिटिश सैन्यातून तिथे गेलेला, अमीनचा सल्लागार झालेला माणूस. पण तो भाबडा पोरगा नव्हता आणि एका रात्रीत शहाणाही झाला नाही, वर्षानुवर्षं तिथेच राहिला.

राहता राहिलं हसणं. अमीनच्या काळात सगळ्यात जास्त हसलं ते लंडन. ‘पंच’ साप्ताहिकात त्याच्या नावाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विनोदी स्तंभ चालायचा. त्याच्या पदव्या लोक पाठ म्हणत: तहहयात राष्ट्राध्यक्ष, फील्ड मार्शल, पृथ्वीवरच्या सर्व पशूंचा आणि समुद्रातल्या सर्व माशांचा स्वामी, ब्रिटिश साम्राज्याचा विजेता. १९७५ मध्ये कंपालात चार गोऱ्या व्यापाऱ्यांच्या खांद्यावरच्या पालखीत बसून तो मेजवानीला आला, ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. जग हसत असताना जिंजाजवळच्या धरणापाशी नाईलमध्ये प्रेतं तरंगत होती. हसू त्याला सोयीचं होतं. विदूषकाला कुणी आरोपपत्र देत नाही. आणि मिळालंही नाही. १९७९ च्या एप्रिलमध्ये टांझानियाचं सैन्य आणि युगांडाचे बंडखोर कंपालात घुसले तेव्हा तो निसटला, आणि १६ ऑगस्ट २००३ ला सौदी अरेबियात जेद्दा इथल्या रुग्णालयात वारला. खटला शून्य. हीच ती अक्षरं, जी दिवे लागल्यामुळे आपली वाचायची राहिली.

त्याच राजवटीत कंपालाच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे प्रमुख नाटककार बायरन कावाद्वा होते. १९७७ मध्ये ते आपलं नाटक घेऊन नायजेरियात लागोसच्या महोत्सवाला गेले. परत आल्यावर त्यांना उचललं आणि मारलं. आपण नाटक-सिनेमावाले म्हणवतो. आपल्या दारात कुणाचं चित्र उभं करायचं, हा निर्णय घेताना हे नाव कुणाच्या तरी कानावर असायला हवं होतं. मलाही ते या आठवड्यातच नीट वाचायला मिळालं, म्हणून तुम्हाला दोष देत नाही.

येत्या रविवारी या सिनेमाचा दुसरा खेळ आहे. तो रद्द करा असं मी म्हणणार नाही, कुणी म्हणालं तर त्याच्याशी भांडेन. माझं म्हणणं असं की त्याच्या आदल्या संध्याकाळी बार्बे श्रोडरचा अमीनवरचा १९७४ चा माहितीपट दाखवा. दीड तासाचा आहे. अमीनने स्वतःच्या कौतुकासाठी तो करू दिला, कॅमेरा कुठे न्यायचा ते स्वतः ठरवलं, संगीतही स्वतःच वाजवलं. त्याला नको असलेले तुकडे दिग्दर्शक कापेना, तेव्हा त्याने युगांडातल्या फ्रेंच नागरिकांना एका हॉटेलात कोंडलं आणि श्रोडरचा फोन नंबर त्यांच्या हाती दिला. तुकडे कापले गेले. अमीन गेल्यावर परत जोडले.

त्यात मंत्रिमंडळाची एक बैठक आहे. रक्त नाही, किंकाळी नाही. लांबलचक टेबल, शाळकरी पोरांसारखे वह्यांत टिपून घेणारे मंत्री, आणि गुरुजींच्या थाटात बोलणारा अमीन. मध्येच तो परराष्ट्र खात्यावर घसरतो, तुमचं काम नीट नाही म्हणतो. कॅमेरा परराष्ट्रमंत्री मायकेल ओंडोगा यांच्या चेहऱ्यावर जातो. निवेदन सांगतं, दोन आठवड्यांनी त्यांचा मृतदेह नाईलमध्ये सापडला. बैठक पुढे चालूच राहते, अमीन विनोदही करतो. तुम्ही हसायला तोंड उघडता आणि ते तसंच राहतं. ते पाहून आलेल्या प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी व्हिटेकर दाखवा. अभिनय तेवढाच थोर वाटेल, पण चर्चेत प्रश्न वेगळे येतील.

तिसऱ्या दिवसासाठी जमलं तर मीरा नायरचा १९९१ चा ‘मिसिसिपी मसाला’ घ्या. त्यात अमीन जवळजवळ नाहीच. कंपालात जन्मलेला वकील जय, देशाबाहेर फेकला गेलेला, अमेरिकेतल्या मोटेलात बसून वर्षानुवर्षं युगांडाच्या कोर्टाला अर्ज लिहितो आहे. त्याला त्याचा बालमित्र ओकेलोच सांगतो की आफ्रिका आता काळ्या आफ्रिकनांची. त्या एका वाक्याचा घाव तो आयुष्यभर सांभाळतो, आणि स्वतःची मुलगी काळ्या मुलाच्या प्रेमात पडते तेव्हा हाच माणूस कसा वागतो तेही बघण्यासारखं आहे. अंकलच्या कपाची गोष्ट मला तिथे परत भेटली.

टिपणाचा मागचा अर्धा कागद कोरा आहे. त्यावर किवानुका, कावाद्वा, के आणि म्बालू मुकासा यांच्याबद्दल चार-चार ओळी लिहून द्यायला मी तयार आहे. २०१९ मध्ये कंपालाच्या संग्रहालयात अमीनच्या सरकारी छायाचित्रकारांनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन झालं. सरकारी दूरचित्रवाणीच्या कपाटात सत्तर हजार निगेटिव्ह सापडल्या होत्या. सभा, भाषणं, पाहुणे, हारतुरे, हसरा अमीन. ज्या छळछावण्यांत माणसं मेली तिथे त्या कॅमेऱ्यांना कुणी नेलंच नव्हतं. म्हणून प्रदर्शन मांडणाऱ्यांना मारल्या गेलेल्यांचे फोटो वेगळे जमवून लावावे लागले. आपल्या ग्रुपवरचे त्रेचाळीस फोटो पाहताना मला सारखे ते सत्तर हजार आठवत होते.

दिव्यांचं सांगून ठेवते: शेवटची अक्षरं जाईपर्यंत बटणापाशी कुणी जाऊ नये. भजी दहा मिनिटं उशिरा तळली तरी चालतील, गरम मिळतील.

आणि पुठ्ठा. तो छापायला पैसे गेले आहेत, हे खजिनदारांनी मला फोनवर सांगितलं. फेकू नका मग. पडद्यामागे जुन्या खुर्च्यांच्या शेजारी जागा आहे, तोंड भिंतीकडे करून तिथे राहील. हलवायला माणूस मिळत नाही अशी सबब नको. रविवारी मी तासभर आधी येते, खुर्च्या लावणाऱ्या मुलाने एक बाजू धरली की झालं. वजन काही नाही त्याचं. शनिवारी सगळे आत गेल्यावर मी उचलून पाहिला होता.

आपली,
एक जुनी सभासद